नारायणगुड्याची वायएमसीए आपल्या यादीत का नको?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. वेळ नसेल तर रात्री जेवणं झाल्यावर वाचा, पण अर्धी वाचून खाली भांडायला येऊ नका.

गेल्या महिन्यात आपल्या समूहावर ‘हैदराबादेतल्या आपल्या वास्तू’ अशी यादी फिरली. चांगलं काम आहे. विवेकवर्धिनी आली, मराठी ग्रंथसंग्रहालय आलं, केशव मेमोरियल आली, देवळं आली, गणेशोत्सव मंडळं आली. बडी चावडीतल्या एका जुन्या भोजनालयाचंही नाव होतं, आणि ते असायलाच हवं. मी खाली एक ओळ टाकली : “नारायणगुड्याची वायएमसीए राहिली.” तासाभरात उत्तरं आली. “काका, ती ख्रिश्चनांची आहे.” “आपला काय संबंध?” “विषय भलतीकडे नेऊ नका.” एकाने तर हात जोडलेलं चित्र टाकलं, म्हणजे काका आता पुरे.

काका पुरे करणार नाहीत. संबंध काय ते विचारलंत ना, मग ऐका.

काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा, हिमायतनगर या पट्ट्यात सत्तरच्या दशकात वाढलेल्या मराठी मुलांपैकी ज्यांनी कधी बास्केटबॉल हातात धरला, त्यातल्या बहुतेकांची पायरी त्या कंपाउंडच्या आत आहे. चौकाचं नावच वायएमसीए. रिक्षावाल्याला “वायएमसीए चलते?” म्हटलं की तो पुढे काही विचारायचा नाही. आपण पत्ता सांगताना ते नाव हजार वेळा घेतलं. कुणाच्या मुंजीच्या पत्रिकेवर, कुणाच्या दुकानाच्या पाटीवर ‘वायएमसीएजवळ’ असं छापलं. पत्त्याला चालते, आठवणीला चालत नाही, हा कुठला न्याय?

आधी ही चीज काय आहे ते नीट बघू, कारण बऱ्याच जणांना वाटतं की वायएमसीए म्हणजे एखादं चर्च. यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन ही संस्था लंडनमध्ये ६ जून १८४४ रोजी निघाली. काढणारा जॉर्ज विल्यम्स हा कापडाच्या दुकानात काम करणारा पोरगा. खेड्यांतून शहरात आलेली, दुकानाच्याच माडीवर दाटीवाटीने झोपणारी नोकर मुलं संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात जाऊ नयेत, बायबल वाचावं, एकमेकांना धरून राहावं, एवढाच हेतू. भारतात कलकत्त्याला १८५७ मध्ये आणि मुंबईला १८७५ मध्ये ही संस्था आली.

पण लोकांच्या लक्षात राहिली ती तिची इमारत. अमेरिकेत या संस्थेने इमारतीचा एक ठरावीक साचा तयार केला. न्यूयॉर्कला तेविसाव्या रस्त्यावर १८६९ मध्ये जी वायएमसीए उभी राहिली तिच्यात सभागृह, वाचनालय, वर्ग आणि व्यायामशाळा एका छपराखाली होती. शिकागोला त्याआधी दोन वर्षं राहायच्या खोल्यांची सोय झाली होती. परगावच्या मुलाला झोपायला खोली, वाचायला पेपर, खेळायला जागा आणि ऐकायला व्याख्यान हे सगळं एकाच फाटकातून आत गेल्यावर मिळावं, ही कल्पना. आज आपण ज्याला ‘सांस्कृतिक भवन’ म्हणतो, ज्याच्यासाठी आपलं मंडळ दर निवडणुकीच्या आधी आमदाराकडे अर्ज घेऊन जातं, ते दुसरं काय असतं?

हा साचा दक्षिणेत रुजला तो मद्रासला. डेव्हिड मॅकॉनॉय नावाचा अमेरिकन सेक्रेटरी १८९० मध्ये तिथे आला आणि संस्था सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी देशभरच्या शाखांचा राष्ट्रीय संघ तिथेच स्थापन झाला. मग एस्प्लनेडवर, हायकोर्टाच्या समोर, लाल रंगाची ती देखणी इमारत उभी राहिली. पाया १८९५ चा, उद्घाटन १९०० चं. मोठी देणगी फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनमेकरची. हा माणूस मोठ्या दुकानांचा मालक, अमेरिकेचा पोस्टमास्तर जनरल राहिलेला, आणि तरुणपणी स्वतः वायएमसीएचा पगारी सेक्रेटरी होता. पैसा अमेरिकन, पण बांधणी मात्र इंडो-सारासेनिक, इथल्या कमानी आणि इथली नक्षी घेऊन. मद्रासला गेलात तर एनएससी बोस रोडवर जाऊन बघा.

आता मद्रासचं इतकं पुराण कशाला? तर आपल्या शाळांतल्या ड्रिलच्या सरांसाठी.

मद्रासच्या वायएमसीएत हॅरी क्रो बक नावाचा अमेरिकन आला आणि १९२० मध्ये त्याने शारीरिक शिक्षणाचं विद्यालय काढलं. शाळांना खेळाचे शिक्षक तयार करून देणारी ही संस्था. पुढे ते कॉलेज नंदनमला अड्यार नदीच्या काठी गेलं. दक्षिणेतल्या आणि निजामी इलाख्यातल्या किती शाळांचे ड्रिलमास्तर तिथे शिकून आले, याची मोजदाद आपल्यापैकी कुणी केलेली नाही. माझ्या शाळेचे सर त्यातलेच. मूळचे नांदेडकडचे, धोतर नेसणाऱ्या बापाचा मुलगा. मद्रासहून परत आले ते पांढरी पॅन्ट, गळ्यात शिट्टी आणि बोलण्यात “फॉर्म फोर्स!” घेऊन. मराठी शाळेच्या मुरमाड मैदानावर त्यांनी चुन्याच्या रेघा मारल्या, दोन बांबू रोवले, जाळी बांधली आणि आम्हाला व्हॉलीबॉल शिकवला. बास्केटबॉलला शाळेत रिंग नव्हती. सर म्हणाले, “चला, वायएमसीएत.” वीस-पंचवीस मुलं दोन-दोनच्या रांगेत चालत गेलो. फाटकावर कुणी जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. चप्पल बाहेर काढा, एवढंच सांगितलं, कारण बूट कुणाकडेच नव्हते आणि कोर्टवर चपलेने पाय मुरगळतो.

आणि हे दोन्ही खेळ तरी कुणाचे? जेम्स नेस्मिथने डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षणशाळेत पीचच्या टोपल्या भिंतीला ठोकून बास्केटबॉल सुरू केला. १८९५ मध्ये होल्योकच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गनने व्हॉलीबॉल काढला. आपल्या गणेशोत्सवात दरवर्षी व्हॉलीबॉलची ट्रॉफी ठेवतात. तिच्यावर गणपतीचं चित्र असतं, देणगीदाराचं नाव असतं, सत्यनारायणाच्या पूजेनंतर बक्षीस समारंभ होतो. तेव्हा कुणी म्हणत नाही की हा खेळ ख्रिश्चनांचा आहे, बंद करा. खेळ घेतला, घ्यायलाच हवा होता. मग तो जिथून घेतला त्या जागेचं नाव घ्यायला जीभ का अडखळते?

बेळगावची मंडळी या समूहात बरीच आहेत, त्यांच्यासाठी एक धागा. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले आणि मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती बघून दोराबजी टाटांच्या मनात हा संघ पाठवायचं आलं. तिथवर सगळ्यांना माहीत असतं, बेळगावात अभिमानाने सांगतातही. पुढचं कमी जण सांगतात. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी देशभर निवड स्पर्धा घ्यायच्या, प्रांतोप्रांती ऑलिंपिक संघटना उभ्या करायच्या, तर हे काम करायला माणसं कुठे होती? ते काम केलं वायएमसीएच्या डॉ. ए. जी. नोएरन यांनी आणि मद्रासच्या या बकने. बक पॅरिसला संघाचा व्यवस्थापक होता. १९२७ मध्ये इंडियन ऑलिंपिक असोसिएशन झाली तेव्हा अध्यक्ष दोराबजी आणि सेक्रेटरी नोएरन. म्हणजे भारतीय ऑलिंपिकच्या पायात एक पारशी शेठ, एक पुणेरी जिमखाना, एक बेळगावकर धावपटू आणि दोन वायएमसीएवाले आहेत. यातलं एक नाव खोडून बाकीचा इतिहास सांगून दाखवा.

कुणी म्हणेल, आपले आखाडे होते, बडोद्याला माणिकरावांचा जुम्मादादा व्यायाम मंदिर होता, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ होतं, हुतूतू आणि खो-खोचे नियम पुण्या-बडोद्याच्या जिमखान्यांनी लिहून काढले. अगदी खरं. मला त्याचा तुमच्याइतकाच अभिमान आहे. पण हुतूतूला मैदानाची मापं, पंच, वेळ आणि छापील नियम देणं हे त्याच काळातलं, त्याच वाऱ्यातलं काम आहे. ती माणसं एकमेकांकडे बघत होती, एकमेकांशी चढाओढ करत होती, एकमेकांचं उचलत होती. आज त्यांच्यामध्ये भिंत आपण घालतोय, त्यांनी घातली नव्हती.

आता हैदराबादवर येतो.

निजामाच्या राज्यात चार माणसं एकत्र बसणं किती कठीण होतं हे आपल्या आजोबांनी सांगितलेलं आहे. १९२९ ची ती गश्ती निशाण ५३, म्हणजे सभेला आधी परवानगी. खासगी शाळा आणि आखाडे यांच्यामागेही परवानगीची कटकट. सुलतान बाजार हा भाग रेसिडेन्सीच्या हुकमतीत होता, १९३३ पर्यंत तिथे निजामाच्या पोलिसांचा हात पोचत नव्हता, म्हणून सभा, वाचनालयं, वर्तमानपत्रं सगळी तिथे गोळा झाली. ज्या शहरात बसायला छप्पर मिळवणं हाच राजकारणाचा पहिला धडा होता, त्या शहरातल्या प्रत्येक सार्वजनिक छपराची नोंद आपण डोक्यावर घेऊन नाचायला हवी. ते छप्पर कुणाच्या नावावर आहे हा पुढचा प्रश्न.

आणि ‘आपली’ वास्तू म्हटलं की ती सगळ्यांना आपली वाटते, असंही नाही बरं का. हे जरा कडू आहे, पण लिहितोच. नोव्हेंबर १९२१. विवेकवर्धिनीच्या थिएटरात सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. भाषणं उर्दूत, मराठीत, इंग्रजीत चालू. अल्लमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील उठले आणि तेलुगूत बोलायला लागले. तर सभेतल्या लोकांनी हुर्यो उडवली. हुर्यो उडवणाऱ्यांत आपली माणसं होती, हे तेलुगू इतिहासकार शंभर वर्षं लिहीत आले आहेत आणि ते खोटं नाही. त्याच रात्री तेलुगू मंडळी एका घरी जमली आणि आंध्र जन संघम जन्माला आला. पुढची आंध्र महासभा, तेलुगू शाळा, वाचनालयांची चळवळ, सगळी त्या रात्रीपासून मोजतात.

विधवाविवाहासाठी आयुष्य वेचलेला माणूस अध्यक्षस्थानी बसलेला, समाजसुधारणेची परिषद चालू, आणि त्याच छपराखाली ज्या शहरात आपण राहतो त्या शहराच्या भाषेला आपण हसलो. ‘ही जागा आमची’ हे डोक्यात गेलं की काय होतं त्याचं दुसरं उदाहरण मला शोधावं लागत नाही.

याचा वायएमसीएशी संबंध असा. नारायणगुड्याच्या त्या चौकाभोवती अर्ध्या मैलात काय काय आहे ते मोजा. केशव मेमोरियल, म्हणजे निजामाच्या हायकोर्टात न्यायमूर्ती झालेल्या, आर्य समाजाचे पुढारी असलेल्या आपल्या केशवराव कोरटकरांच्या नावाची शाळा, १९४० ची. माडपाटी हनुमंतराव यांची तेलुगू मुलींची शाळा, हेच ते आंध्र जन संघमच्या संस्थापकांतले माडपाटी. शहराचे कोतवाल राहिलेल्या राजाबहादूर वेंकटराम रेड्डींच्या नावाचं मुलींचं कॉलेज. आणि वायएमसीए. एक मराठी-आर्यसमाजी, एक तेलुगू, एक कोतवालाच्या नावाचं, एक ख्रिस्ती. संध्याकाळी या सगळ्या शाळा-कॉलेजांची मुलं एका कोर्टवर उतरायची. माझ्या टीममध्ये एक रेड्डी, एक अन्सारी, एक कायस्थ, दोन मराठी आणि एक अँग्लो-इंडियन होता. भांडणं व्हायची ती “फाउल था कि नहीं” यावर. तेलुगूत शिव्या मी तिथे शिकलो, आणि तेलुगूत माफी मागायलाही. घरी, शाळेत, मंडळात मला तेलुगू कुणी शिकवलं नाही. आपल्या कुठल्याही ‘आपल्या’ वास्तूत ते शिकायची सोय नव्हती.

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण इथे उरलो. उरलेल्यांनी या शहरात कसं राहायचं, याचा धडा ज्या जागांनी दिला त्या जागा आपल्या नाहीत तर कुणाच्या?

आता आक्षेपांकडे वळतो. एकेक घेतो, कारण नुसतं “काका भावनिक झाले” म्हणून मोकळं होता येणार नाही.

पहिला आक्षेप : ही धर्मप्रसाराची संस्था. होय, होती. लपवायचं काय त्यात? नावातच लिहिलेलं आहे. बायबलचे वर्ग हा तिचा पहिला कार्यक्रम होता. पुष्कळ काळ मतदानाचा हक्क असलेलं पूर्ण सभासदत्व चर्चच्या माणसालाच मिळायचं, बाकीचे सहयोगी. कलकत्त्यासारख्या शहरात गोऱ्यांची शाखा वेगळी, हिंदी विद्यार्थ्यांची वेगळी. के. टी. पॉल हे पहिले भारतीय राष्ट्रीय सरचिटणीस झाले ते १९१६ मध्ये, म्हणजे राष्ट्रीय संघ निघाल्यावर पंचवीस वर्षांनी. हे सगळं लिहा. यादीत वायएमसीए घ्या आणि तिच्यापुढे हेही लिहा. आठवण लिहिणं म्हणजे चारित्र्याचा दाखला देणं नव्हे. विवेकवर्धिनीच्या नोंदीत १९२१ लिहायची तुमची तयारी आहे का, ते आधी सांगा.

दुसरा आक्षेप : परक्यांचा पैसा. फर्ग्युसन कॉलेजला नाव कुणाचं? मुंबईच्या गव्हर्नरचं. विल्सन कॉलेज कुणी काढलं? स्कॉटिश मिशनऱ्याने. आपल्या किती जणांच्या घरात आजोबांची विल्सनची डिग्री फ्रेममध्ये लावलेली आहे? ती उतरवली का कुणी? पैसा कुठून आला हे विचारायचा हक्क सगळ्यांना आहे, पण तो प्रश्न फक्त नारायणगुड्याच्या चौकात येऊन उभा राहत असेल तर त्या प्रश्नाचा हेतू दुसराच आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात जास्त लोकांनी लिहिला, आणि मला लागला तोही तोच : “मराठी माणसांचा तिथे संबंध नाही, ती ख्रिश्चनांची.”

म्हणजे मराठी आणि ख्रिश्चन या दोन वेगळ्या जाती झाल्या का?

बाबा पदमनजी बेळगावात जन्मले, १८३१ मध्ये. त्यांचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ चं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून शाळेत शिकवतात. नारायण शेषाद्री हे आपल्याच निजामी मुलखातले ब्राह्मण, १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले आणि जालन्याजवळ सालारजंगांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. ‘ज्ञानोदय’ १८४२ पासूनचं. आणि लक्ष्मीबाई टिळक! आपण या समूहात जे करतो ते काय आहे? घरातल्या गोष्टी, स्वैपाकघरातल्या भाषेत, हसत-रडत सांगणं. मराठीत हे सगळ्यात चांगलं कुणी केलं असेल तर ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या बाईंनी, आणि त्या ख्रिस्ती होत्या. आठवणींचा समूह चालवायचा, लक्ष्मीबाईंचं पुस्तक कपाटात ठेवायचं आणि त्यांच्या धर्माच्या माणसाला म्हणायचं की तू आमच्यात नाहीस! या धंद्याला काय नाव द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

पुस्तकातलं सोडा, गल्लीतलं सांगतो. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत काचीगुड्याला येणारी ती मीटरगेज. त्या गाडीने जसे आपले वकील, मास्तर, बँकेचे कारकून आले, तसेच जालन्याकडचे मराठी ख्रिस्तीही आले. कुणी रेल्वेत, कुणी दवाखान्यात, कुणी शाळेत. आमच्या गल्लीत अशा एक नर्सबाई होत्या. आम्ही पोरं त्यांना सिस्टरमावशी म्हणायचो. त्यांची मराठी माझ्या आईच्या मराठीपेक्षा अस्सल मराठवाडी. नाताळात करंज्या-शंकरपाळे यायचे, दिवाळीत आपल्याकडचं ताट जायचं. गल्लीतल्या अर्ध्या बाळंतपणांना रात्री-अपरात्री त्याच धावल्या, आणि जिच्या घरी गेल्या तिथे चहासुद्धा वेगळ्या कपात मिळाला तरी बोलल्या नाहीत. त्यांचे दोन मुलगे वायएमसीएच्या कोर्टवर आमच्यापेक्षा मोठे खेळाडू. आमच्या शाळेच्या टीमला संध्याकाळी कोर्ट मोकळं मिळायचं ते त्या थोरल्याने आत शब्द टाकल्यामुळे.

काही वर्षांपूर्वी एका मंडळाने स्मरणिका काढली. ‘शहरातील मराठी कुटुंबे’ असं प्रकरण होतं. मी माझ्या गल्लीची नावं लिहून दिली, त्यात सिस्टरमावशींचं घर होतं. छापून आलं तेव्हा ते नाव नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळालं, “ते लोक तसे आपले नाहीत ना.” थोरला तेव्हा हयात होता. त्याने स्मरणिका विकत घेतली होती, पन्नास रुपये देऊन. मला फोन केला आणि एवढंच म्हणाला, “पान चुकून सुटलं असंल रे.” चुकून सुटलं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. आता तो नाही. त्याची मुलगी परदेशात आहे, नातवंडांना मराठी येत नाही. सत्तर वर्षं मराठी बोललेलं घर आपण आपल्या हाताने मोजणीतून काढलं, आणि वर बैठकीत रडतो की हैदराबादेत मराठी टक्का घटला!

म्हणून या यादीचा विषय मला साधा वाटत नाही. यादी म्हणजे कोण आपला आणि कोण नाही, याचा कागद. आज यादीतून इमारत गाळली, स्मरणिकेतून घर गाळलं होतं. रीत तीच.

आणि जरा उलटं धरून बघा. उद्या कुणी तेलंगणातला पोरगा अशीच यादी करेल, ‘हैदराबादच्या आपल्या वास्तू’. मराठी ग्रंथसंग्रहालयाचं नाव कुणी सुचवलं तर तो म्हणेल, “अंकल, ती बाहेरच्यांची आहे. आपला काय संबंध?” त्याला तुम्ही काय सांगाल? सांगाल की बाळा, शंभर वर्षं झाली, आम्ही इथेच जन्मलो, इथेच मेलो, या शहराने आमच्या वाचनालयात बसून पेपर वाचला, ती तुझीसुद्धा आहे. बरोबर सांगाल. बेळगावच्या मंडळींना हे समजावून सांगायची गरज नाही. पाटीवरची अक्षरं पुसली गेल्यावर काय वाटतं ते त्यांना माहीत आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या मंडळींनाही. जो युक्तिवाद आपण स्वतःसाठी करतो तोच दुसऱ्यासाठी करता आला नाही तर तो युक्तिवाद नसतो, हट्ट असतो.

शहर बदलायला वेळ लागत नाही. सुलतान बाजार आणि बडी चावडीत मेट्रोचे खांब आले तेव्हा दुकानांचे दर्शनी भाग कापले गेले. व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, तरी शेवटी गाडी धावलीच. फेब्रुवारी २०२० मध्ये नारायणगुड्याचं स्टेशनही सुरू झालं. आता वरून जाताना खालची गल्ली ओळखू येत नाही. जागा गेली की तिच्याबरोबर ‘इथे अमुक होतं’ सांगणारी माणसं जातात. आमची पिढी आता सत्तरीला टेकली. पुढच्या दहा वर्षांत त्या कोर्टवर अनवाणी खेळलेला मराठी मुलगा सापडणार नाही.

तेव्हा माझं म्हणणं तीन वाक्यांत. यादीत नारायणगुड्याची वायएमसीए घाला, आणि तिच्यापुढे चांगलं-वाईट जे असेल ते सगळं लिहा. ज्यांच्याकडे शाळेच्या टीमचे, आंतरशालेय स्पर्धांचे, ड्रिलच्या सरांचे फोटो असतील त्यांनी मागे नावं आणि साल लिहून इथे टाकावेत, कपाटात ठेवून वाळवीला घालू नयेत. आणि मराठी कुटुंबांची पुढची सूची होईल तेव्हा जालना, औरंगाबाद, नगरकडून आलेली ख्रिस्ती घरं त्यात असली पाहिजेत, कुणाची मेहरबानी म्हणून नव्हे, ती मराठी आहेत म्हणून.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी खाली जरूर लिहावं. फक्त “काका, आपला काय संबंध” एवढंच लिहू नका. संबंध वर सांगितला आहे. तो नाही असं म्हणायचं असेल तर कुठली ओळ चूक आहे ते दाखवा.